पुण्यात नव्याने आई-बाबा झालात? मदतीची दारं कुठं आहेत आणि ती कशी ठोठावायची

लातूरहून पुण्यात आले तेव्हा मला सहावा महिना लागला होता. सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर. नवरा सकाळी साडेआठला बाहेर पडायचा तो रात्री आठला यायचा. सासूबाई गावी, गुडघ्यांनी बेजार. आई शाळेत शिक्षिका, तिची रजा मोजकी. बाळंतपणाला ती आली, सव्वा महिना राहिली, मला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खाऊ घातले आणि रजा संपली तशी गेली. त्याच दुपारी बाळ रडायला लागलं, ते थांबेचना. शेजारचं दार वाजवावं एवढीही माझी कुणाशी ओळख नव्हती.

त्याला आता सहा वर्षं होतील. या काळात आमच्या भागातल्या पुष्कळ नव्या आयांसोबत मी अंगणवाडीत, दवाखान्यात, क्षेत्रीय कार्यालयात गेले आहे. "नवे पालक मदत केंद्र" अशी पाटी लावलेली इमारत पुण्यात शोधत बसू नका. अंगणवाडी, महापालिकेचा दवाखाना, आशाताई (घरोघरी येणाऱ्या सरकारी आरोग्यसेविका), बाग, चांगलं पाळणाघर आणि जवळपासच्या चार आया, हे सगळं मिळून ते केंद्र होतं. यातलं बरंचसं घरापासून चालत जाण्याइतकं जवळ असतं. फक्त बाहेरून आलेल्या माणसाला ते दिसत नाही, म्हणून हा लेख.

आधी स्वतःची हद्द ओळखा

पत्त्यात पुणे असलं म्हणून घर पुणे महापालिकेतच असतं असं नाही. वाकड, पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं. हिंजवडीला ग्रामपंचायत आहे, तिथली आरोग्यसेवा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चालते. कॅम्प आणि खडकीत कॅन्टोन्मेंट बोर्ड. धायरीसारखी गावं २०१७ मध्ये आणि वाघोली, नऱ्हे, सूस यांसारखी २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथे आजही एखादी गोष्ट कुणाकडे विचारायची याचा घोळ होतो. म्हणून पहिलाच प्रश्न विचारायचा तो हा: "आमच्या घराला दवाखाना कुठला लागतो आणि अंगणवाडी कुठली?"

हा प्रश्न मोबाईलवर शोधण्यापेक्षा घरकामाच्या मावशींना, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला किंवा जवळच्या महापालिका शाळेच्या शिपाईकाकांना विचारा. आमची अंगणवाडी मला नकाशात सापडली नाही. भाजीवाल्या काकूंनी बोट दाखवलं: समाजमंदिराच्या मागे, निळ्या दाराची खोली.

सातवा महिना संपायच्या आत अंगणवाडीत नाव घाला

या पायरीवर मी सगळ्यात जास्त जोर देते, कारण इथेच लोक मागे हटतात. "अंगणवाडी म्हणजे वस्तीतल्या मुलांसाठी, आपल्यासाठी नाही." नोकरदार घरांतून हे मी किती वेळा ऐकलंय! हे खरं नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, ती सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी. तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, आरोग्य-पोषणाची माहिती, लसीकरण, तपासणी आणि गरज पडल्यास पुढे दवाखान्यात पाठवणं, एवढी सहा कामं त्या एका खोलीतून चालतात.

जाताना आईचं आधार कार्ड, मोबाईल आणि दवाखान्याची फाईल सोबत न्या. सकाळी जा, दुपारनंतर बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. अंगणवाडी ताई तुमची नोंद पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर करतात. चेहऱ्याचा फोटोही घेतात, त्यामुळे पहिल्या खेपेला आईनेच जायला हवं. त्यानंतर गरोदरपणात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला, आणि पुढे तीन वर्षांपर्यंत बाळाला घरी नेण्याचा आहार मिळतो. सगळे त्याला टीएचआर (टेक होम रेशन) म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम खाऊ असतो. आहार नको असेल तर तसं ताईंना सांगा, पण नाव मात्र घालाच. नाव असलं की दर महिन्याला वजन होतं, आणि माझ्या मते अंगणवाडीचं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

ते वजन कसं करतात हे एकदा जवळून बघा. आमच्या ताई आधी काट्यावर दुपटं अंथरतात, काटा शून्यावर आणतात आणि मग झबलं काढून बाळाला ठेवतात. बाळ रडतं, हातपाय झाडतं. आकडा स्थिर होईपर्यंत त्या मुळीच घाई करत नाहीत. मग माता व बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात एक टिंब. मागच्या टिंबाला जोडून रेघ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आकडा बघून खट्टू झाले होते. ताईंनी आकड्यावर हात ठेवला आणि रेघेवर बोट फिरवलं, "वर चाललीय ना? मग झालं." बाळ लहान आहे की मोठं, यापेक्षा रेघ चढते आहे का हे बघायचं. ती सपाट झाली किंवा खाली वळली तर डॉक्टरांकडे जायचं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते नेहमीचंच. साधारण पाचव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा ढोबळ अंदाज.

सहा महिन्यांनंतर ताई दंडाला एक रंगीत पट्टीही लावतात. घेर १२.५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा, ११.५ ते १२.५च्या मध्ये पिवळा आणि ११.५च्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे फक्त गरिबाघरी होतं असंही समजू नका. दिवसभर बिस्किटं आणि पातळ पेज यावर असलेलं, चांगल्या फ्लॅटमधलं मूल पिवळ्यात आलेलं मी पाहिलंय.

आशाताईंना गेटवर अडवू देऊ नका

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी नवजात बाळाला बघायला सहा वेळा घरी यायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांनाही भेटी असतात. शहरात त्यांचा भर वस्त्यांवर असतो, मोठ्या सोसायटीत त्या आपणहून येतीलच असं नाही. आणि आल्या तर वॉचमन "कुणाकडे? फोन लावा" म्हणून थांबवतो. म्हणून गरोदरपणातच दवाखान्यातून किंवा अंगणवाडीतून त्यांचा नंबर घ्या, आणि प्रसूतीच्या आधीच वॉचमनला सांगून ठेवा.

मी हे शिकले ते उशिरा. बाळ पंधरा दिवसांचं होतं, छातीला नीट लागत नव्हतं, मला चिरा पडल्या होत्या आणि प्रत्येक वेळी पाजायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. घरात "दूध पुरत नाही, वरचं सुरू करा" अशी बोलणी सुरू झाली होती. आशाताई आल्या. काही भाषण नाही. माझ्या पाठीमागे लोड दिला, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, त्याच्या वरच्या ओठाला बोंडानं हलकंसं शिवलं आणि त्याने आ वासल्याबरोबर पटकन जवळ घेतलं. फक्त बोंड नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात. हनुवटी छातीला टेकलेली. "आता दुखतंय का?" नव्हतं दुखत. मी रडले.

दूध पुरतंय का याचा घरगुती हिशेब त्यांनीच सांगितला: पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. ते जास्त वाटतं, पण नवजात बाळाचं तसंच असतं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचं खाणं सुरू करून दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावर पाजता येतं. वरच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंद आहे. त्यामुळे दवाखान्याच्या बाहेर कुणी फुकट डबा हातात देऊ लागलं तर घेऊ नका.

आता थोडं अवघड बोलते. बाळगुटी, मधाचं बोट, नाळेला हळद-तेल, शेगडीची धुरी, डोळ्यांत काजळ. हे सगळं आपल्या घरात प्रेमाने केलं जातं आणि "नको" म्हटलं की आजी दुखावते. माझी आजीही दुखावली. पण मधातून बाळाला बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, वर्षाच्या आत मध नकोच. नाळ कोरडी ठेवायची, तिला काही लावायचं नाही. धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो. मी आजीला तेल-मालिश, अंगाई, टोपडं शिवणं, आजोबांच्या जुन्या सुती धोतराची दुपटी करणं हे सगळं मन लावून करू दिलं आणि गुटीला तेवढं नाही म्हटलं. भांडण झालं नाही. आशाताईंनी घरी येऊन तेच सांगितलं तेव्हा आजीने पटकन ऐकलं, सुनेचं-नातीचं कुणी ऐकत नाही पण ताईंचं ऐकतात. हा उपयोगही करून घ्या.

खाली लिहिलेलं कागदावर उतरवून फ्रीजवर लावा. बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही मलूल पडून राहत असेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, झटके आले असतील, नाळेभोवती लाली किंवा पू असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या ने-आणीसाठी १०२ही आहे.

बाळ कमी दिवसांचं असेल आणि तुमचं दूध अजून उतरलं नसेल तर डॉक्टरांना दूधपेढीबद्दल विचारा. ससूनमध्ये अशी पेढी आहे. इतर आयांनी दिलेलं दूध तपासून, ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. ज्यांना भरपूर दूध येतं त्या तिथे देऊही शकतात.

जन्मदाखला

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. घर वाकडला आणि बाळंतपण पुण्यातल्या पेठेत झालं, तर दाखला पुणे महापालिकेचा. माहेरी लातूरला झालं तर लातूरचा. नोंदणीसाठी २१ दिवसांची मुदत असते, ती दवाखान्याने कळवायची असते. पण कळवली का, कुठल्या तारखेला आणि नावांचं स्पेलिंग काय दिलं, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारा. माझ्या मुलाच्या दाखल्यात एका कचेरीत माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं, आणि ते दुरुस्त करायला तान्ह्या बाळाला घेऊन चार खेपा झाल्या. फॉर्म देण्याआधी आधारशी अक्षर न् अक्षर पडताळा, फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बाळाचं नाव नंतरही घालता येतं, बारशाची वाट बघायला हरकत नाही. पण १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, तेव्हा चुका राहू देऊ नका.

डोस

पुण्यात सगळे लसीला "डोस"च म्हणतात. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि प्रसूतिगृहांत सरकारी वेळापत्रकातले सगळे डोस मोफत आहेत, आणि त्यांचा दर्जा खासगीपेक्षा कमी नाही. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, भवानी पेठेतलं सोनवणे प्रसूतिगृह ही नावं कानावर पडतील, पण जवळच्या छोट्या दवाखान्यातही डोसचे वार ठरलेले असतात. वार विचारून जा. सकाळी लवकर गेलात तर रांग लहान असते.

जन्मल्यावर बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने: पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ, रोटाव्हायरस. दीड आणि साडेतीन महिन्यांना न्यूमोकोकल आणि पोलिओचं इंजेक्शनही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर, आणि पाच-सहा वर्षांना आणखी एक. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येतो, पाय दुखतो. तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरना तिथेच विचारून लिहून घ्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, थोडा पू येतो, व्रण राहतो. त्याला मलम लावू नका, तसंच व्हायचं असतं.

माता व बाल संरक्षण कार्ड कधी हरवू नका, गावी जातानाही बरोबर ठेवा. नोंद यू-विन या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतही होते, पण दुसऱ्या गावच्या दवाखान्यात सिस्टर हात पुढे करतात त्या कार्डासाठीच. आणि एखादा डोस चुकला तर ओशाळून घरी बसू नका. मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेलं पुढे घेतात.

आईच्या मनाचं

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि बहुतेकींचं दहा-बारा दिवसांत ओसरतं. दोन आठवडे उलटले तरी मन उठत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, "माझ्यावाचून सगळ्यांचं बरं होईल" असं मनात येत असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि बरा होतो. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर आईला एकटं सोडू नका, थेट दवाखान्यात न्या.

नवऱ्यांनो, हे तुमच्यासाठी: "नाटकं करू नकोस" हे वाक्य या दिवसांत घरात उच्चारू नका. रात्रीची एक लंगोट-दुपट्याची पाळी तुमची. सलग चार तासांची झोप हे या काळातलं मोठं औषध आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

चार घरांचं मंडळ कसं उभं करायचं

सरकारी दारं एवढी. उरलेलं आपण बांधायचं. मला ते बांधायला आठ महिने लागले, तुम्हाला आठ दिवसांत जमेल.

चार घरं पुरे. डोसच्या रांगेत, अंगणवाडीच्या वजनाच्या दिवशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये तान्हं बाळ दिसलं की सरळ विचारा, "किती महिन्यांचं? कुठे राहता?" जागा म्हणून सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, कुणाची तरी बैठकीची खोली. बागेत भेटणार असाल तर वेळ पाहून घ्या, महापालिकेच्या बागा दुपारी बहुतेक बंद असतात. मध्यवस्तीत राहत असाल तर सारसबाग, जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग, प्रभात रस्त्याजवळचं कमला नेहरू पार्क इथे संध्याकाळी बाळांची जत्राच असते. मूल जरा मोठं झालं की सारसबागेजवळचं गरवारे बालभवन लक्षात ठेवा.

आमचं मंडळ गुरुवारी अकराला भरायचं. बाळांची अंघोळ झालेली, दुपारची झोप यायची असते, ही वेळ आयांना सोयीची. एक मोठी सतरंजी, मध्ये बाळं, कडेने आया. खाऊ कुणीही करून आणायचा नाही असा आम्ही नियमच केला, नाही तर यजमानीण चार तास ओट्याशी उभी राहते. आणखी तीन नियम पहिल्याच दिवशी ठरवले. एक, कुणीही कुणाच्या बाळाला औषध सुचवायचं नाही. दोन, वजनाची आणि "तुझं अजून बसत नाही का" अशी तुलना नाही. तीन, दुसऱ्याच्या बाळाचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. महिन्यातून एक गुरुवार अंगणवाडी ताई किंवा आशाताईंना बोलवायचो. वरचं खाणं कसं सुरू करायचं हे त्यांनी आम्हाला वाटी-चमच्यासकट दाखवलं: मऊ वरण-भात इतका घट्ट की चमचा तिरका केला तरी ओघळू नये, वर तूप, आणि हळूहळू नाचणी, भाजी, अंडं, फळ. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, दूध चालूच.

एक आई, जळगावकडची, पहिले दोन गुरुवार भिंतीला टेकून गप्प बसली. तिसऱ्या गुरुवारी तिचं बाळ दुसरीच्या मांडीवर झोपलं आणि ती तिथेच सतरंजीवर आडवी होऊन तासभर झोपली. कुणी उठवलं नाही. उठल्यावर म्हणाली, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच इतकी झोपले. तिला पुढे डॉक्टरांकडे न्यावं लागलं, आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या. ती गुरुवारी आली नसती तर आम्हाला हे कळलं नसतं.

लहान झालेली झबली, टोपडी, पाळण्याची गादी यांची देवघेव तिथेच करा. बाबांसाठी महिन्यातला एक रविवार ठेवा, त्या दिवशी आया घरी.

कामावर परत जाताना

पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं, असा कायदा आहे. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे. एचआरला विचारताना मेल करा, तोंडी नको.

खासगी पाळणाघर निवडताना दोनदा जा: एकदा वेळ घेऊन आणि एकदा न सांगता, दुपारी तीनच्या सुमाराला. एका ठिकाणी मी न सांगता गेले तर अकरा मुलं एका टीव्हीसमोर आणि सांभाळायला एकच दमलेली मुलगी. एका मावशींकडे किती तान्ही बाळं, दुपारी कोण झोपतं आणि कोण जागं राहतं, दूध कशात ठेवतात, बाळ कुणाच्या ताब्यात देतात, गॅस आणि जिना कुठे आहे, हे बघा. आणि मावशी बाळाशी बोलतात का ते ऐका. मी भिंतीवरच्या रंगीत चित्रांपेक्षा त्या बोलण्यावर निर्णय घेतला.

बांधकामाच्या साइटवर काम करणाऱ्या कुटुंबांसाठी पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था साइटवरच पाळणाघरं चालवते. तुमच्या शेजारी इमारत उभी राहत असेल आणि वाळूच्या ढिगावर तान्हं मूल दिसत असेल, तर बिल्डरच्या सुपरवायझरला हे नाव सांगा.

प्रवासात पाजायची वेळ आली तर एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. कुलूप असलं तर चौकशी खिडकीवर किल्ली मागा, संकोच करू नका.

पैशाच्या योजना, थोडक्यात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर एकरकमी ६,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची लवकर नोंद, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस हे त्याचे टप्पे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मली असेल तर लेक लाडकी योजना: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००, मिळून १,०१,०००. दोन्हींची सुरुवात अंगणवाडी ताईंपासून करा. बँक खातं आईच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं.

काही वेगळं वाटलं तर

दोन महिन्यांना हसत नाही, चार महिन्यांना मान धरत नाही, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, आवाजाकडे वळत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही. यातलं काही दिसलं तर "मुलगे उशिराच बोलतात" वर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये तपासणीला येतात, तो दिवस ताईंना विचारून ठेवा. गरज असेल त्या मुलांना पुढे जिल्हास्तरावर पाठवतात. पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा, व्यायामाचा फायदा पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त होतो.

तीन वर्षांनंतर अंगणवाडीची शाळा, महापालिकेच्या शाळांमधली बालवाडी किंवा खासगी, हे तुमच्या सोयीवर. अंगणवाडी आणि बालवाडी या वेगळ्या, दोन्ही जाऊन बघा. घराजवळ, मातीत खेळू देणारी आणि मराठीत भरपूर गोष्टी सांगणारी जागा मी निवडली.

आणि घर बदलताना. पुण्यात भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्यामुळे बाळ पहिलीला जाईपर्यंत दोन-तीन पत्ते होतातच. टेम्पो ठरवण्याच्या आठवड्यात जुन्या अंगणवाडीत जाऊन ताईंना सांगा, त्या पोषण ट्रॅकरवरून बाळाची नोंद नव्या अंगणवाडीकडे वळवू शकतात. नव्या जागी खोकी सोडवायच्या आधी कार्ड, जन्मदाखला आणि आईचं आधार एका पिशवीत वेगळं ठेवा, आणि पहिल्याच सकाळी भाजीवाल्या काकूंना विचारा, इथली अंगणवाडी कुठे?